फ्रँकलिनच्या पतंगाचा दोरा

१

"ही तुमच्या आजोबांच्या बँकेची नोट नाहीये, मिसेस कोलफॅक्स," थीडा क्विग्ली म्हणाली, आणि म्हणताक्षणीच तिला वाटलं, हे आपण जरा बेताने सांगायला हवं होतं.

हेस्टर कोलफॅक्स ऐंशीच्या पुढची. वाचायचा चष्मा पर्समध्ये, पर्स मांडीवर, आणि चेहऱ्यावर सकाळपासूनचं कौतुकाचं हसू. ते हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला.

"असं कसं? हा काय फ्रँकलिन, हा त्याचा पतंग. पाठ तपकिरी. सत्तर वर्षं पुसतेय मी तिची काच!"

"फ्रँकलिन बरोबर आहे. पतंगही बरोबर आहे. पण खाली गाव वाचा."

हेस्टरने चष्मा काढला, लावला, आणि पारदर्शक पाकिटातल्या नोटेवर वाकली. गाव होतं शिकागो.

ऑल्डन क्रीकमधल्या माजी सैनिकांच्या हॉलमध्ये दर फेब्रुवारीत जुन्या नाण्यानोटांचा मेळा भरायचा. बाहेर गुडघाभर बर्फ, आत बीन्स-मांसाच्या चिलीचा वास, आणि टेबलांमागे भिंग घेऊन बसलेली माणसं. थीडा त्यांतली सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत फटकळ. नोटेची किंमत फुकट सांगायची आणि खोटी आशा कुणालाही लावायची नाही, असा तिचा लौकिक होता. लोक तिला घाबरायचेही आणि तिच्यापुढे रांगही लावायचे.

त्या नोटांची गंमतच तशी. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गावोगावच्या बँका सरकारकडून छापून आलेल्या नोटा आपापल्या नावाने चालवत. चित्र तेच, रंग तोच. बदलायचं ते फक्त बँकेचं नाव, गाव आणि क्रमांक. शिकागोच्या बड्या बँकेने अशा नोटा ढिगाने काढल्या, म्हणून आज तिला सातशे-आठशे डॉलर. ऑल्डन क्रीकच्या बँकेने थोड्याच काढल्या आणि त्याही सगळ्या खपल्या, फाटल्या, परत गेल्या. देशभरात शिल्लक सापडलेल्या नोटांची यादी धंद्यातले लोक ठेवतात, तीत या गावापुढे एकही नोट नव्हती. हेस्टरची नोट पहिली ठरणार होती. वीस हजार तर कुठेच गेले नव्हते.

गेल्या आठवड्यात काउंटीच्या पेपराने ही बातमी फोटोशिवाय छापली होती. म्हणजे दहाची, तपकिरी पाठीची नोट आज येणार हे अख्ख्या नेब्रास्काला ठाऊक होतं, पण तिचा क्रमांक काय हे कुणालाच नाही.

हेस्टरने थीडाचा हात धरला आणि आवाज खाली आणला. "मी डेलसाठी विकणार होते हो. त्याला गॅरेज काढून द्यायचं होतं. त्याला अजून सांगितलंही नाहीये."

डेल तिच्या खुर्चीमागे चार पावलांवर उभा होता. तिशीचा नातू, आडवा बांधा, हातांवर ग्रीसचे न जाणारे डाग. चोरीच्या पिकअपपायी दीड वर्ष आत काढून तो शरदात सुटला होता, तोही अटींवर. एक तक्रार झाली की सरळ परत आत. हॉलमधल्या प्रत्येकाला हे माहीत होतं, आणि आता हॉलमधला प्रत्येक जण त्याच्याकडेच बघत होता.

२

शेरीफचा डेप्युटी बर्ट सोकोल चिली खायला आला होता, तो ड्यूटीवर आला.

"सकाळपासून नोट कुणाकुणाच्या हातात होती?" त्याने हनुवटीवरची चिली पुसत विचारलं.

उत्तर सोपं होतं आणि म्हणूनच वाईट होतं. डेलने गाडीतून फ्रेम आणली. दारापाशीच कॅन्सस सिटीचा व्यापारी रॉइस पेल्हम याने हेस्टरला हाक मारली, खुर्ची दिली, गप्पा मारत नोट फ्रेममधून काढली, पाहिली, सहाशे डॉलर देऊ केले. हेस्टर नको म्हणाली. तेव्हा त्याने ती हसत पारदर्शक पाकिटात घालून परत दिली, आणि पाकिटाचे पैसेही घेतले नाहीत. मग हेस्टर आपल्या चुलतबहिणीबरोबर, आयोनी रीमरबरोबर, कॉफी प्यायली. आयोनीनेही पाकीट हातात घेऊन पाहिलं. आणि मग हेस्टर हात धुवायला गेली तेवढा वेळ ते डेलकडे होतं.

"एकट्याकडे," आयोनी म्हणाली. ती स्वयंपाकघरातून ॲप्रनवरच आली होती. काठीसारखी सरळ बाई, लग्न केलेलं नाही, चर्चचा पियानो चाळीस वर्षं वाजवला आणि या चाळीस वर्षांत कुणाचं चांगलं बोलली असेल तर ते पियानोबद्दल. "आणि ती जुनी फ्रेम नाताळात कुणी फेकून दिली? मागचा पुठ्ठा असता तर निदान काही खूण तरी राहिली असती."

"काच तडकली होती, आयोनी आजी," डेल म्हणाला. "मी नवीन आणून दिली. भेट म्हणून."

"हो तर! चोराची भेट."

"आयोनी, तोंड आवर," हेस्टर म्हणाली.

डेलने बाही वर करून दोन्ही हात टेबलावर ठेवले. जेलमध्ये झडतीच्या वेळी ठेवतात तसे. ते त्याने मुद्दाम केलं नव्हतं, आणि म्हणूनच थीडाला ते पाहवलं नाही.

"बर्ट," ती म्हणाली, "बदललेली नोट नीट बघ. त्याच सालची, त्याच किमतीची, त्याच तपकिरी पाठीची. चोर तयारीने आलाय. हिच्यासारखीच कुठली नोट स्वस्तात मिळते हे ज्याला कळतं, त्याचं हे काम. डेलला फ्रँकलिन कोण हे तरी ठाऊक आहे का?"

"वीज पडली होती त्याच्यावर," डेल पुटपुटला.

"घ्या! बर्ट, व्यापाऱ्यांच्या पेट्या उघडायला सांग."

बर्टने डोकं खाजवलं. पण थीडा क्विग्लीशी वाद घालायची त्याच्यात धमक नव्हती. पेट्या उघडल्या, आणि तिसऱ्याच पेटीत ती सापडली: दहा डॉलर, फर्स्ट नॅशनल बँक, ऑल्डन क्रीक.

पेटी रॉइस पेल्हमची होती.

३

रॉइस घाबरला असता तर बरं झालं असतं. तो घाबरला नाही. त्याने टायची गाठ सारखी केली आणि खुर्चीत मागे रेलून बसला.

"अहो, माझीच आहे ती. दोन वर्षांपूर्वी मिसुरीतल्या एका म्हाताऱ्या बाईकडून घेतली. ही पावती."

पावतीवर लिहिलं होतं: नेब्रास्काची दहाची नोट, तपकिरी पाठ. गावाचं नाव नव्हतं.

"मग यादीत का नाही दिलीत?" थीडाने विचारलं.

"योग्य वेळेची वाट बघत होतो. आणि म्हणूनच तर मी मिसेस कोलफॅक्सना हाक मारली. म्हटलं, माझ्या नोटेची बहीण कशी दिसते ते बघू. पाहिली, परत दिली. माझ्या हातून गेली तेव्हा ती ऑल्डन क्रीकचीच होती." तो डेलकडे न बघता म्हणाला, "पुढचं मला काय माहीत?"

थीडा मनातल्या मनात चरफडली. माणूस पक्का होता. लपवलेली वस्तू सापडली की ती चोरी ठरते. उघड्यावर ठेवली, पावती जोडली, की तो माल ठरतो. तिने नोट भिंगाखाली घेतली. कोपऱ्यातलं अक्षर ए, क्रमांक एक. खाली डावीकडे कॅशियरची, म्हणजे हेस्टरच्या आजोबांची सही, ऑगस्ट रीमर, बोरूने केलेली, शाई उडून तपकिरी झालेली. शेवटच्या अक्षराचं शेपूट झोकात खाली उतरलं होतं आणि नोटेच्या कडेला तुटलं होतं. कड कात्रीने कापलेली, जराशी वाकडी. तेव्हा चार नोटा एकाखाली एक छापलेला अखंड कागद यायचा, सगळ्यांत वर ए, तिच्याखाली बी, आणि बँकवाले तो आपल्या हाताने कापायचे.

"मिसेस कोलफॅक्स, हीच का तुमची?"

हेस्टर नोटेवर वाकली. तिला हो म्हणायचं होतं, हे सगळ्यांना दिसत होतं.

"तशीच आहे," ती शेवटी म्हणाली. "पण शपथेवर कशी सांगू? नंबर मी कधी वाचलाच नाही. भिंतीवरची वस्तू. रोज दिसते म्हणून कुणी बघतं का?"

"मी सांगते," आयोनी पुढे आली. "आजोबांच्या नोटेला खूण होती. वर डाव्या कोपऱ्यात, पतंगाच्या डोक्यावर, एक बारीक तपकिरी रेघ. पतंगाला दोरा लावल्यासारखी."

"रेघ?" हेस्टर म्हणाली. "माझ्या नोटेवर कुठे होती गं रेघ?"

"होती! तुला कधी धड दिसलंय काही!"

रॉइसने बोटाच्या टोकाने आपली नोट बर्टकडे सरकवली. पतंगाच्या वरचा कागद स्वच्छ, कोरा होता.

"बघा डेप्युटी. बाईंच्या नोटेवर रेघ होती, माझ्यावर नाही. घरच्याच माणसाची साक्ष आहे." त्याने आयोनीकडे पाहून मान झुकवली. "आभारी आहे, मॅडम."

आयोनीने रॉइसला पकडायला जाळं टाकलं होतं, आणि त्यात डेल सापडला होता.

बर्टने कमरेच्या पट्ट्यात अंगठे खोवले. "डेल, बाहेर चल जरा. तुझ्या पॅरोल अधिकाऱ्याला फोन करावा लागेल मला. माझाही नाइलाज आहे, पोरा."

"आधी जेवू दे त्याला," थीडा तडकून म्हणाली. "नाष्टाही झालेला नाही. फाशी देतानासुद्धा जेवायला घालतात."

४

जेवण हा बहाणा होता. थीडाला विचार करायला वेळ हवा होता, आणि विचार तिला पोटात काहीतरी गेल्याशिवाय सुचत नसे.

नेब्रास्कात चिलीबरोबर सिनॅमन रोल, म्हणजे दालचिनीचे गोड पाव, खातात. बाहेरचे लोक हसतात, हसोत. आयोनी काउंटरमागे उभी राहून रोलचा मोठा ट्रे कापत होती. रोल एकमेकांना चिकटून भाजलेले, त्यांच्यावर वरून एकाच हाताने ओतलेला साखरेचा पाक. सुरी फिरली, आणि एका रोलवरून सुरू झालेली पाकाची रेघ मधोमध तुटली. अर्धी एका तुकड्यावर राहिली, अर्धी खालच्या तुकड्यावर.

थीडाचा चमचा हवेतच थांबला.

खालच्या तुकड्यावर, वरच्या कडेला, एक सुटी रेघ. कुठून आली असं कुणी विचारलं तर सांगता येऊ नये अशी.

ऑगस्ट रीमरने कागद कापून मग सह्या केल्या नव्हत्या. आधी सह्या केल्या आणि मग कागद कापला. त्याच्या सहीचं शेपूट खालच्या नोटेवर उतरलं होतं. वरच्या नोटेवर, ए अक्षराच्या नोटेवर, रेघ असणारच नव्हती. तिच्या वर नोटच नाही. रेघ होती ती दुसरीवर.

आणि आयोनीला ती रेघ पाठ होती.

थीडा ताटली घेऊन काउंटरपाशी गेली. मनात एक वाईट शंका आली होती: हेस्टरची नोट नाहीशी झाली तर जगात एकच उरणार होती, आणि ती कुणाची? पण आयोनीचा चेहरा पाहून तिने ती शंका तिथेच टाकून दिली. चोर असती तर ती बाई रेघेबद्दल मूग गिळून बसली असती.

"आयोनी, नोटेवर क्रमांक एक आहे, म्हणजे आजोबांनी पहिला कागद घरी ठेवला होता ना? चार नोटा. कुणाला काय मिळालं?"

"तीन दहाच्या, एक विसाची," आयोनी सुरी न थांबवता म्हणाली. "विसाची चर्चच्या घंटेला दिली. एक दहाची हेस्टरच्या वडिलांना. एक आजीला."

"आणि तिसरी?"

"अगाथा आत्याला. तिने खर्च केली. कधीच."

"तुझी अगाथा आत्या, जी तुला सगळं देऊन गेली."

सुरी थांबली.

"रेघ हेस्टरच्या नोटेवर कधीच नव्हती," थीडा हळूच म्हणाली. "ती तुझ्या नोटेवर आहे, आणि तुला वाटलं, दोन्हींवर असणार. आणि तू ती अलीकडेच पाहिली आहेस, कारण इतकं तंतोतंत पन्नास वर्षांपूर्वीचं कुणाच्या लक्षात राहत नाही."

आयोनीने आजूबाजूला पाहिलं. कुणी ऐकत नव्हतं. तिच्या गालावर लाली चढली आणि तिच्या त्या कडक चेहऱ्याला ती मुळीच शोभेना.

"हेस्टरची विकली गेली असती," ती म्हणाली, "जगातली एकुलती एक म्हणून. तिला तिचे वीस मिळाले असते. मग पाच-सात वर्षांनी माझी. मी कुणाचं काही घेतलेलं नाही."

"नाही घेतलंस."

"दोन आहेत असं आजच कळलं तर काय होईल? तूच सांग, तुझा धंदा आहे."

थीडाने खोटं सांगितलं नाही. "दोन्हींची किंमत निम्म्यावर येईल. कदाचित त्याहून खाली."

"माझ्याकडे दुसरं काही नाही, थीडा. चर्च पेन्शन देत नाही. पियानो वाजवणाऱ्या बाईला तर नाहीच."

"माहीत आहे मला."

टेबलापाशी डेल रोल खात होता. हेस्टर त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली होती आणि बर्ट दारात फोन हातात घेऊन उभा होता. आयोनी त्या तिघांकडे बघत राहिली. तिने सुरी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली.

"नाताळात त्याने माझ्या घरासमोरचा बर्फ काढला," ती चिडून म्हणाली. "कुणी सांगितलं होतं त्याला? आणि मी दारही उघडलं नाही."

मग तिने ॲप्रन सोडला आणि कोट अंगावर चढवला.

५

आयोनी चर्चच्या पलीकडेच राहायची. दोघी परत आल्या तेव्हा त्यांच्या बुटांवर बर्फ होता, आणि आयोनीच्या काखेत भजनांच्या कागदांची जाड फाइल. तिच्या घरच्या पियानोच्या बाकाखालच्या कप्प्यात ती फाइल इतकी वर्षं पडून होती, आणि गावात तिच्याशिवाय त्या बाकावर कुणी बसलं नव्हतं.

"एक मिनिट, बर्ट," थीडा म्हणाली. "फोन ठेव. मिस्टर पेल्हम, तुमची नोट मिसुरीची. नक्की?"

"नक्की."

"दोन वर्षं तुमच्याकडे आहे?"

"पावतीवर तारीख आहे, बाई." रॉइस कंटाळल्यासारखा हसला.

"ठेवा ती इथे."

त्याने ठेवली. ठेवू नये असं काही कारण त्याला दिसत नव्हतं. आयोनीने फाइल उघडली. दोन भजनांच्या मध्ये दहाची एक नोट होती, तपकिरी पाठीची, ऑल्डन क्रीकची.

हेस्टर खुर्चीतून उठली.

"तू म्हणालीस आत्याने खर्च केली!"

"म्हणाले खरी. पुढे ओरड माझ्यावर, आत्ता गप्प बस."

थीडाने आयोनीची नोट रॉइसच्या नोटेखाली सरकवली. वरच्या नोटेची वाकडी कड खालच्या नोटेच्या वाकड्या कडेत जाऊन बसली. ऑगस्ट रीमरच्या सहीचं तुटलेलं शेपूट कड ओलांडून खाली उतरलं आणि फ्रँकलिनच्या पतंगावर जाऊन टेकलं. बर्ट सोकोलला नोटांतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एवढं त्यालाही दिसलं.

"दोन्हींवर क्रमांक एक. वरच्या नोटेवर ए, खालच्या नोटेवर बी," थीडा म्हणाली. "एका कागदावरच्या सगळ्या नोटांना एकच क्रमांक असतो."

रॉइसचा रंग उतरला, पण जीभ शाबूत होती. "मग? एका कागदावरच्या आहेत, मान्य. चार नोटा होत्या ना? एखादी गेली असेल मिसुरीला. माझी तिसरी असेल."

"दहाच्या तीनच होत्या. एक ही, आयोनीची. एक हेस्टरच्या वडिलांची, ती आज सकाळपर्यंत हेस्टरच्या भिंतीवर होती. तिसरी आजीची." थीडा वळली. "मिसेस कोलफॅक्स, आजीच्या नोटेचं काय झालं?"

"ती आजीजवळच आहे," हेस्टर म्हणाली. "तिला हवी होती बरोबर. शवपेटीत तिच्या हातात ठेवली. मी बारा वर्षांची होते."

"मी दहाची," आयोनी म्हणाली. "बोटं मी मिटली तिची."

बर्टने फोन खिशात टाकला.

"तेव्हा मिस्टर पेल्हम," थीडा म्हणाली, "तुम्ही टेकडीवरची कबर उकरली असेल तर तसं सांगा. नाहीतर ही नोट हेस्टरची आहे. पेपरात बातमी वाचलीत, शिकागोची नोट खिशात घालून आलात, आणि पाकिटात घालताना हात फिरवलात. यादी तुम्ही पाहिलीच असणार. ऑल्डन क्रीक, एकही नाही. म्हणजे ताडून बघायला दुसरी नोट नाही, असं धरून चाललात. आपल्या धंद्यातले सगळे असेच चालतात हो. यादीत नाही ती नोट जगातच नाही असं आपल्याला वाटतं. भजनांच्या फाइलमध्ये कोण बघणार?"

रॉइसने पेटीकडे हात नेला. बर्टचा हात आधीच तिथे होता.

"चला," बर्ट म्हणाला. "तुमचं जेवण झालंय ना?"

६

रॉइसला घेऊन पोलिसांची गाडी गेली, फोटो काढून झाले, बर्टने सह्या घेऊन नोटा पारदर्शक पाकिटांत घालून जिच्या तिला दिल्या. चिली थंड झाली होती. तरी लोकांनी ती संपवली, कारण एवढी गंमत बघून कुणाचं पाऊल घराकडे वळत नव्हतं.

"आता किती?" आयोनीने विचारलं.

"एकेकटी विकलीत तर नऊ, फार तर दहा हजार," थीडा म्हणाली. "जोडीने ठेवलीत, सही जुळलेली, तर थोडं जास्त. वीस-वीस नाही. ते आता विसरा."

"थोडं जास्त म्हणजे किती?"

"सांगता येत नाही. असं कधी पाहिलेलंच नाही मी."

आयोनीने ओठ घट्ट मिटले. हेस्टरने आपली नोट तिच्या नोटेशेजारी सरकवली.

"निम्मं निम्मं," आयोनीच शेवटी म्हणाली. "आणि गॅरेज चर्चच्या बाजूला टाकायचं. माझी गाडी डिसेंबरपासून सुरू होत नाहीये."

"कसलं गॅरेज?" डेलने विचारलं.

हेस्टर रुमाल शोधत होती. आयोनीने दोन्ही पाकिटं एकावर एक ठेवली, डेलचा उजवा हात उलटा केला आणि भर हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत, ती त्याच्या तळहातावर ठेवली.

"धर," ती म्हणाली. "दोन्ही तूच घेऊन ये घरी. मी हेस्टरला धरते, पायऱ्यांवर बर्फ आहे."

डेलने आधी आजीकडे पाहिलं, मग आयोनीकडे. मग कोटाचा आतला खिसा उघडून पाकिटं अलगद आत सरकवली, आणि त्यांच्यासाठी दार धरून उभा राहिला.